वर्तमानपत्राची वर्गणी

गेल्या अंगारकी चतुर्थीस आम्ही राजुरेश्वराच्या दर्शनास गेलों होतों. जालन्याहून उत्तरेस भोकरदनच्या वाटेवर हें राजूर लागतें. गणपतीच्या साडेतीन पीठांत मोरगांव व पद्मालय यांच्या जोडीनें त्याची गणना पूर्ण पीठ म्हणून होते, आणि श्रीगजाननानें वरेण्य राजास गणेशगीता सांगितली ती याच स्थळीं अशी भाविकांची श्रद्धा आहे. टेकडीवर रांग लांब, डोक्यावर ऊन. तेव्हां दर्शन आटोपून आम्ही गांवांतील एका शिक्षक स्नेह्यांच्या ओसरीवर विसांवलों. ते आमच्याहून वयानें बरेच लहान. आम्हांस 'काका' म्हणतात. पाणी झालें, चहा झाला, आणि त्यांनीं आपला मोबाइल आमच्यापुढें धरला. एका मराठी दैनिकाच्या ॲपावर अग्रलेखाच्या चार ओळी दिसत होत्या. पांचवीवर पडदा, आणि पडद्यावर वर्षाच्या वर्गणीचा आंकडा. "काका, हे पैसे भरावे कीं नाहीं तेवढें सांगा," ते म्हणाले. "बातम्या तर दिवसभर फुकट येऊन पडतात. मुलाची शिकवणी, वडिलांचीं औषधें, गाडीचें पेट्रोल एवढें भागवून जें उरतें तें इकडे द्यावें असें या चार ओळींच्या पुढें आहे तरी काय?"

प्रश्न सरळ होता आणि आम्हांस सरळ उत्तर देतां आलें नाहीं. जुन्या वर्तमानपत्रांचीं जीर्ण बाडें चाळण्यांत ज्यानें हयात घालविली त्यानें तरी या प्रश्नापुढें गप्प बसूं नये. परंतु खरें सांगावयाचें तर पत्रांत काय छापून आलें हेंच आम्हीं आजवर पाहिलें. तें छापण्याचे पैसे कोणीं दिले इकडे आमचें लक्ष फारसें गेलेंच नव्हतें. परत आल्यावर या एका दृष्टीनें सगळें पुन्हा डोळ्यांखालून घातलें. त्यांतून जें हातीं लागलें तें त्या स्नेह्यांस कळविलें. वाचकांपैकींही अनेकांच्या घरीं हाच प्रश्न उभा असेल, म्हणून तें येथें थोडें विस्तारानें मांडतों.

मराठींत वर्तमानपत्रासाठीं वर्षाकांठीं जें द्यावयाचें त्यास 'किंमत' हा शब्द फारसा चिकटला नाहीं; 'वर्गणी' हा चिकटला. भाजीला किंमत असते, वर्गणी नसते. वर्गणी असते ती देवळाच्या जीर्णोद्धाराची, हरिनाम सप्ताहाची, गणेशोत्सवाची. गांवानें एक काम अंगावर घेतलें आणि प्रत्येक उंबऱ्यानें आपला वांटा उचलला म्हणजे ती वर्गणी. तिची एक खुबी अशी कीं, ती न देणाऱ्यासही सप्ताहांतलें कीर्तन ऐकूं येतें आणि पंगतींत त्याचेंही पान मांडलेलें असतें. वर्तमानपत्राचें तसेंच आहे. एखाद्या अंमलदाराची लाचलुचपत पत्रानें चव्हाट्यावर आणली तर तिचा लाभ वर्गणीदारास जेवढा, तेवढाच त्या पत्राचें तोंडही न पाहिलेल्या शेतकऱ्यास. मग वर्गणी द्यावी कोणीं आणि कां, हा आमच्या स्नेह्यांचा प्रश्न. तो ॲपाबरोबर जन्मलेला नाहीं. मराठी वर्तमानपत्राइतकाच तो जुना आहे.

बाळशास्त्री जांभेकरांनीं 'दर्पण' काढलें तें ६ जानेवारी १८३२ रोजीं, मुंबईस. इंग्रजी आणि मराठी असे दोन्ही भाषांतले रकाने शेजारीं शेजारीं. आरंभीं पाक्षिक, पुढें लौकरच साप्ताहिक. लिहितां वाचतां येणारे थोडे, त्यांतून छापील कागदावर पैसा खर्चण्याची संवय असलेले त्याहून थोडे. पोथी ही उतरून घ्यावयाची वस्तु, विकत घ्यावयाची नव्हे, असा तो काळ. १८४० मध्यें 'दर्पण' बंद पडलें. दोन वर्षांनीं अहमदनगरास 'ज्ञानोदय' निघाला तो अमेरिकन मिशनऱ्यांच्या पाठबळावर, आणि तो दीर्घायुषी ठरला. या दोन पत्रांच्या आयुर्मानाचा भेद संपादकांच्या विद्वत्तेंत शोधण्याचें कारण नाहीं. एकामागें मूठभर वर्गणीदार होते, दुसऱ्यामागें मिशनची तिजोरी होती. 'ज्ञानोदया'नें मराठी वाचकास पुष्कळ उपयुक्त ज्ञान दिलें हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों. परंतु त्यानें काय सांगावें याचा शेवटचा शब्द तिजोरीच्या धन्याचा होता, यांतही शंका नाहीं.

मुंबईसच १८४१ मध्यें भाऊ महाजन यांनीं 'प्रभाकर' सुरू केला. लोकहितवादींचीं पत्रें १८४८ पासून आलीं तीं याच पत्रांत. लिहिणारे ब्राह्मण, छापणारे ब्राह्मण, वाचणारेही बहुतेक ब्राह्मण. आणि कोरडे ओढलेले ब्राह्मणांच्याच पाठीवर! पदरचे पैसे मोजून आपल्याच दोषांची यादी आठवड्याच्या आठवड्यास घरीं मागविणारा तो वाचक आम्हांस आज फार मोठा वाटतो. तो रागावला असेल, त्यानें उलट पत्रेंही लिहिलीं असतील. परंतु पत्र चालू राहिलें. जें फुकट वाढावयाचें असतें तें खाणाऱ्याच्या जिभेस रुचेल असेंच वाढावें लागतें, नाहीं तर तो पानावरून उठून जातो. वर्गणीदार मात्र वर्षाचे पैसे आगाऊ देऊन बसलेला असल्यामुळें एखादा कडू घांसही गिळतो. मोबाइलवर फुकट येणाऱ्या बातम्यांत आपणांस न आवडणारें मत किती वेळां पुढें येतें, याचा वाचकांनीं एक दिवस हिशेब ठेवून पाहावा.

वर्गणी मुंबई-पुण्याबाहेर पसरली ती टपालामुळें. १८५४ पासून अंतर कितीही असो, हलक्या पत्रास अर्धा आणा असा एकच दर देशभर झाला. १८७७ मध्यें व्ही. पी. आली आणि १८८० मध्यें मनिऑर्डर. या तीन सोयींवर मराठी नियतकालिकांची सारी इमारत उभी राहिली. आणि त्याबरोबर तो जुना रोगही जडला: चार अंक 'नमुना' म्हणून आनंदानें वाचावयाचे आणि पांचवा व्ही. पी. नें आला कीं 'घेत नाहीं' म्हणून परत करावयाचा. मागील बाकी चुकती करण्याविषयींची विनंति ज्यांत नाहीं अशी जुन्या मासिकांची फाईल आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. आजचें ॲप पहिला महिना एक रुपयांत देतें आणि दुसऱ्या महिन्यास वाचक पळून जातो, तेव्हां या नव्या कारखानदारांनीं फार वैतागूं नये. आमच्या आजोबांनीं हेंच केलें आहे.

'केसरी' ४ जानेवारी १८८१ रोजीं निघाला. त्याचा इतिहास वाचकांस पाठ आहे; आम्हांस त्यांतली एकच गोष्ट येथें हवी आहे. पुढच्याच वर्षीं कोल्हापूर प्रकरणीं टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस राहून आले, आणि पत्र बुडालें नाहीं, उलट त्याची प्रतिष्ठा वाढली. पुढें दोघांचीं मतें फांकलीं व १८८८ मध्यें आगरकरांनीं 'सुधारक' काढला. तेव्हां पुण्यांतल्या सुशिक्षित गृहस्थास दरवर्षीं एक निवाडा करावा लागे: या वर्षीं आपला रुपाया कोणत्या बाजूस? मतपेटी या देशांत येण्याच्या आधींची ती मतपेटी होती.

परंतु ज्याच्या खिशांत तो रुपायाच नाहीं त्याचें काय? येथें वर्गणीच्या स्तुतीस आवर घालावा लागतो. कृष्णराव भालेकरांनीं शेतकरी-कष्टकऱ्यांसाठीं १८७७ मध्यें पुण्यास 'दीनबंधु' काढला. ज्यांच्यासाठीं तो निघाला त्यांना अक्षरओळख नव्हती. ज्यांना अक्षरओळख होती त्यांना तो नको होता. भालेकरांनीं पदरमोड केली आणि पत्र थकलें. १८८० मध्यें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं तें मुंबईस नेऊन पुन्हा उभें केलें. ३१ जानेवारी १९२० रोजीं डॉ. आंबेडकरांचा 'मूकनायक' निघाला, त्यास राजर्षि शाहू छत्रपतींनीं २,५०० रुपये दिले. त्याची जाहिरात पैसे देण्याची तयारी असतांही 'केसरी'नें छापली नाहीं, असें आंबेडकरांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. म्हणजे वर्गणीवर जगणारें पत्र आपल्या वर्गणीदारांच्या पूर्वग्रहांचेंही मिंधें असतें. ३ एप्रिल १९२७ पासून 'बहिष्कृत भारत' सुरू झालें. संपादकास वेतन नाहीं, रकान्यांमागून रकाने एकहातीं लिहावयाचे, आणि वाचकवर्ग असा कीं ज्याच्या घरीं दुसऱ्या वेळची चूल पेटण्याची खात्री नाहीं. ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकांत आंबेडकरांनीं 'बहिष्कृत भारताचें ऋण हें लौकिक ऋण नव्हे काय?' हा प्रश्न मथळ्यांतच घातला. वर्गणीच्या प्रश्नावर मराठींत याहून नेमका शब्द आम्हांस सांपडला नाहीं. किंमत नव्हे, दान नव्हे, ऋण. १५ नोव्हेंबर १९२९ रोजीं तें पत्र थांबलें. तें ऋण समाजानें किती फेडलें हें त्या तारखेवरूनच दिसतें.

आतां राजुराकडे वळूं. कारण वर जें सांगितलें तें सारें इंग्रजी अंमलांतलें, आणि राजूर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. तेथील हकीकत निराळी. राजभाषा उर्दू, टपाल सरकारचें स्वतःचें, नाणेंही स्वतःचें, हाली शिक्क्याचें. पुण्यामुंबईच्या पत्राची वर्गणी कलदार रुपयांत, घरांतला पैसा हाली, मध्यें सराफाचा बट्टा. म्हणजे मोगलाईंतल्या वाचकास तेंच पत्र चार पैसे महागच पडावयाचें. तें पडूं द्या. सभा भरवावयाची तर प्रसिद्ध ५३ नंबरच्या गश्तीप्रमाणें परवानगी घ्या. बाहेरून येणाऱ्या पत्रांपैकीं कोणतें केव्हां राज्याच्या हद्दींत येण्यास बंद होईल याचा नेम नाहीं. हैदराबादेंत १९२० मध्यें 'निजाम विजय' हें मराठी साप्ताहिक निघालें होतें, परंतु संस्थानांत राहून संस्थानाविषयीं बोलण्यास जेवढी मुभा असते तेवढीच त्यास होती.

म्हणून आ. कृ. वाघमारे यांनीं १० फेब्रुवारी १९३८ रोजीं 'मराठवाडा' साप्ताहिक काढलें तें औरंगाबादेस नव्हे, जालन्यास नव्हे, तर पुण्यास. मराठवाड्याची बातमी मराठवाड्यास कळविण्यासाठीं सरहद्द ओलांडून बसावें लागलें! निजाम सरकारनें त्याच्यावर बंदी घातली. पत्रानें दुसरें नांव घेतलें. त्या नांवावर बंदी आली, तिसरें घेतलें. असा हा लपंडाव बरेच दिवस चालला. अशा पत्राचा वर्गणीदार होणें म्हणजे आपलें नांव व पत्ता एका वहींत लिहून देणें, आणि ती वही कोणाच्या हातीं पडेल हें न जाणणें. आमचे वडील सांगत कीं त्यांच्या गांवीं असा अंक एकाच घरीं येई, तोही किराण्याच्या पुडक्यांत. रात्रीं माजघरांत दिवा बारीक करून एकजण वाची आणि दहा-पंधराजण ऐकत. वर्गणीदार एक, श्रोते पंधरा. वर्गणीचा वांटा मात्र त्या पंधरांनीं जमेल तसा उचललेला: कोणी दोन आणे, कोणी पायलीभर ज्वारी. वर्गणी या शब्दाचा मूळचा अर्थ तेथें शब्दशः जिवंत होता.

बातमीची याहून जबर किंमत त्याच राज्यांत एका संपादकानें दिली. हैदराबादेंतील 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनीं रझाकारांच्या जुलुमाविरुद्ध आणि हिंदुस्थानांत सामील होण्याच्या बाजूनें लिहिलें. ऑगस्ट १९४८ मध्यें कार्यालयांतून घरीं परततांना रात्रीं त्यांचा खून झाला. पोलिस कारवाईस तेव्हां महिनाही उरला नव्हता. त्या वेळीं राज्यांत फुकट बातम्या नव्हत्या असें नाहीं. दरबारचीं फर्मानें फुकट होतीं, रेडिओवरचीं भाषणें फुकट होतीं, आणि बाजारांतल्या कंड्या तर कधींच विकत घ्याव्या लागत नाहींत. 'मराठवाडा' पुढें औरंगाबादेस आला, अनंत भालेरावांच्या हातीं दैनिक म्हणून नांवारूपास चढला, आणि काळांतरानें बंदही पडला. त्यास निजामाच्या बंदीनें मारलें नाहीं, हें मुद्दाम ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

येथवर वाचकास वाटेल कीं पत्रें वर्गणीवरच जगत आलीं. तसें नाहीं. ३ सप्टेंबर १८३३ रोजीं न्यूयॉर्क शहरीं बेंजामिन डे नांवाच्या छापखानेवाल्यानें 'सन' नांवाचें दैनिक एका सेंटास विकावयास काढलें. इतर पत्रांस तेव्हां सहा सेंट पडत. उरलेले पैसे जाहिरातवाल्यांनीं भरले. वाचकास स्वस्तांत पत्र, व्यापाऱ्यास गिऱ्हाईक, मालकास नफा, सर्वांचें समाधान. जगभर दैनिकें याच वाटेनें गेलीं, आपल्याकडचींही गेलीं. वाचक अंकासाठीं जे पैसे देतो त्यांत छपाईचा पुरा खर्चही निघत नाहीं ही गोष्ट इतकी मुरून गेली कीं, वर्तमानपत्र हें स्वस्तच असावयाचें अशी आपली भावना झाली.

या स्वस्ताईचा प्रश्न एकदां थेट सर्वोच्च न्यायालयांत गेला, आणि नेला तो पुण्याच्या एका मराठी पत्रानें. ती हकीकत फारशी कोणाच्या स्मरणांत नाहीं, म्हणून ती जरा सांगतों. नानासाहेब परुळेकरांनीं १ जानेवारी १९३२ रोजीं 'सकाळ' सुरू केला. १९६० च्या सुमारास त्याचा रोजचा खप सुमारें ५२,००० होता, किंमत सात नवे पैसे, आणि आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून तो ३४ पानें देत असे. केंद्र सरकारनें १९५६ मध्यें एक कायदा केला होता व १९६० मध्यें त्याखालीं हुकूम काढला कीं, किती किंमतीस किती पानें द्यावयाचीं हें सरकार ठरवील. सात पैशांस सहा दिवसांत २४ पानें! ३४ द्यावयाचीं तर किंमत वाढवा. सरकारचें म्हणणें वरवर पाहतां सालस होतें: मोठीं श्रीमंत पत्रें जाहिरातींच्या जोरावर थोड्या किंमतींत भरमसाट पानें देतात व लहान पत्रांस गिळतात, लहानांस जगतां यावें म्हणून हा बंध.

'सकाळ' न्यायालयांत गेला. आणि आम्हांस विशेष वाटतें तें असें कीं, त्याच्याबरोबर पुण्याचे दोन वाचकही स्वतंत्र अर्ज घेऊन गेले. पानें कमी झालीं तर आमचें नुकसान, किंमत वाढली तर कित्येकांस तें घेतां येणार नाहीं, हें वाचकांनीं स्वतः न्यायालयापुढें उभें राहून सांगितलें. २५ सप्टेंबर १९६१ रोजीं निकाल लागला. न्या. मुधोळकरांनीं लिहिलेल्या त्या निकालाचा मथितार्थ असा: मत प्रसिद्ध करण्याच्या स्वातंत्र्यांत तें जास्तींत जास्त लोकांपर्यंत पोहोंचविण्याचें स्वातंत्र्यही येतें, किंमत वाढविण्यास भाग पाडलें तर खप घटेल, पानें घटविण्यास भाग पाडलें तर मजकूर घटेल, दोन्हींकडून हात त्या स्वातंत्र्यासच लागतो. कायदा घटनाविरोधी ठरून रद्द झाला. एक पैशाच्या फरकानें किती वाचक तुटतात याची इतकी गंभीर चर्चा आपल्या देशांत त्यापूर्वीं क्वचितच झाली असेल. ॲपाच्या पडद्यामागें बसून वर्गणीचा आंकडा ठरविणाऱ्यांनीं तो निकाल एकदां वाचावा. तसेंच, सरकारनें पुढें केलेली भीति अगदींच खोटी नव्हती हेंही वाचकांनीं ध्यानीं घ्यावें. लहान पत्रांची पुढें काय गत झाली हें जिल्ह्याजिल्ह्यांतून दिसतेंच आहे.

यापुढची कथा आपल्या डोळ्यांदेखतची. बातमी इंटरनेटवर गेली तेव्हां मालकांनीं ती फुकट ठेविली, कारण जाहिराती येथेंही येतील असा अंदाज होता. जाहिराती आल्या, पण पत्रांकडे नव्हे. शोधयंत्रें आणि समाजमाध्यमें चालविणाऱ्या परदेशी कंपन्यांकडे. मार्च २०११ मध्यें 'न्यूयॉर्क टाइम्स'नें महिन्यास वीस लेखांपुढें वाचणाऱ्यास पैसे मागितले. पुष्कळ जाणत्यांनीं त्यास हंसून घेतलें. २०२३ अखेर त्याचे वर्गणीदार एक कोटीवर गेले. यावरून सर्वांचेंच भलें झालें असें मात्र समजूं नये. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स संस्थेच्या २०२४ च्या अहवालांत वीस सुस्थित देशांतसुद्धां बातमीसाठीं इंटरनेटवर पैसे देणारे शेंकडा १७ च आढळले. आपल्याकडे तर २०१६ च्या सप्टेंबरांत जिओ आलें, इंटरनेट कवडीमोल झालें, आणि त्यावरून येणारी बातमीही कवडीमोलच असावयाची असें लोकांच्या मनानें घेतलें. एप्रिल २०२० मध्यें साथीच्या भीतीनें राज्य सरकारनें घरोघर अंक टाकण्यास कांहीं काळ मनाई केली, तेव्हां सबंध पत्राची पीडीएफ सकाळीं सकाळीं व्हॉट्सॲपवर येऊं लागली. ती संवय जी लागली ती लागली.

आमच्या स्नेह्यांनीं या फुकटाचा अनुभव सांगितला तो असा. १ सप्टेंबर २०२३ रोजीं याच जिल्ह्यांतील अंतरवाली सराटी येथें उपोषणाच्या जागीं लाठीमार झाला. त्या रात्रीं त्यांच्या मोबाइलवर शेंकडों निरोप आले. कोणांत मृतांचे आंकडे, कोणांत जुन्याच कोठल्या दंगलीचीं चित्रें. "एक अक्षर खरें कोणतें तें कळेना," ते म्हणाले. "शाळेंत मुलांचे पालक विचारीत होते, मी मास्तर, मला माहीत असावयास हवें होतें." पुढें २६ फेब्रुवारी २०२४ रोजीं जालना, छत्रपति संभाजीनगर व बीड या तीन जिल्ह्यांत कांहीं तास इंटरनेटच बंद ठेवण्यांत आलें. तेव्हां फुकट व विकत दोन्ही बातम्या एकाच मोलाच्या झाल्या. कागदावरचा अंक तेवढा दुसऱ्या दिवशीं सकाळीं आला.

तर मग ॲपाचे पैसे भरावे कीं नाहीं? आम्हीं स्नेह्यांस लिहिलें कीं, पडद्याआड काय आहे हें पाहण्याआधीं पडद्याबाहेर काय आहे हें पाहा. त्यांनीं महिनाभर तसें पाहिलें. दिल्ली-मुंबईच्या राजकारणावरचे लेख, नामांकितांचीं सदरें, स्पर्धापरीक्षांचें साहित्य हें कुलुपांत. जालना जिल्ह्याचें पान फुकट. फुकट कां, तर त्यांत फारसें कांहीं नसतें. राजुराचें नांव अंगारकीच्या गर्दीस आणि अपघातास येतें. एरव्हीं असतात त्या पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती. तालुक्याच्या ठिकाणचा बातमीदार बहुधा पुरा पगारी नसतो. त्यास मानधन थोडें, आणि त्या जाहिराती गोळा करण्याचें कामही पुष्कळदां त्याच्याच गळ्यांत. ज्याच्याकडून दिवाळीची जाहिरात आणावयाची त्याच्याच पाणीपुरवठ्याच्या कामाची चौकशी त्यानें कशी करावी? राजुराची बातमी फुकट नाहीं. तिचे पैसे वाढदिवसवाला भरतो, आणि म्हणून ती तशी असते.

आमचें मत मागाल तर, एका घरानें एका पत्राची वर्गणी द्यावी. कागदावर द्या, ॲपावर द्या, परंतु द्यावी. मात्र आपली वर्गणी कोठें जाते हें विचारण्याचा हक्क 'प्रभाकरा'च्या वाचकास होता तितकाच आपणांसही आहे. एक वर्षाची भरण्याआधीं तीन महिन्यांची भरून पाहावी, आणि पैसे आपोआप कापण्याची मुभा देऊं नये. आमचीच फजिती सांगतों: एका ॲपाची वर्गणी आम्हीं परीक्षेसाठीं घेतली, वाचणें सोडून दिलें, आणि दुसऱ्या वर्षाचे पैसे खात्यांतून गेल्यावर जागे झालों. अशी कपात करण्यापूर्वीं चोवीस तास आधीं सूचना द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून आहे. सूचना आलीही असेल, आम्हीं ती इतर शंभर निरोपांबरोबर पुसून टाकली असेल. व्ही. पी. परत करावयाची तर निदान पोस्टमनापुढें तोंड दाखवावें लागे.

ॲपावर आमचा दुसरा आक्षेप गंभीर आहे. त्याची वर्गणी एका माणसाची असते. फार तर दोन-तीन यंत्रांवर तें उघडतें. माजघरांतल्या त्या पंधरा श्रोत्यांस तेथें जागा नाहीं. गांवच्या वाचनालयास, शाळेस, ग्रामपंचायतीस एक वर्गणी भरून सर्वांस वाचतां येईल अशी सोय मराठी पत्रांनीं केली तर राजुरासारख्या गांवीं तिचें स्वागत होईल असें आम्हांस वाटतें. ज्यांना वर्गणी झेपत नाहीं त्यांच्यासाठीं दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाहीं. प्रत्येक पत्रास शाहू छत्रपति कोठून मिळावयाचे?

मागच्या आठवड्यांत स्नेह्यांचा फोन आला. वडिलांसाठीं कागदी अंक चालू ठेविला आहे, आणि ॲपाचे तीन महिन्यांचे पैसे भरले आहेत. संध्याकाळीं ते अग्रलेख मोठ्यानें वाचतात. वडील ऐकतात, शेजारचे दोघेजण येऊन बसतात. एकानें पहिल्याच दिवशीं विचारलें कीं, यांत जालन्याचा मोसंबीचा भाव असतो कां? नव्हता. मग स्नेह्यांनीं त्या पत्राच्या संपादकांस वर्गणीदार या नात्यानें पत्र लिहिलें: भोकरदन तालुक्यांत आपले पगारी बातमीदार किती आहेत, आणि आमच्या वर्गणीपैकीं कांहीं त्यांच्यापर्यंत पोहोंचतें कां? उत्तर अजून आलेलें नाहीं. तीन महिने संपावयास पांच आठवडे उरले आहेत.